तुतीखालची पेरिना

मी बाजारात मासे विकते. पहाटे आलेल्या तारल्या दगडी ओट्यावर मांडायच्या आणि दुपारपर्यंत गिऱ्हाइकांना हाका मारायच्या, यात जन्म गेला. म्हणून गावात म्हणतात, "दिंका बोलते म्हणजे भांडतेच." म्हणू देत. आज मी खरंच भांडणार आहे. परवा राजधानीतून, झाग्रेबहून, सुट्टीला आलेला एक शहाणा ओट्याशी उभा राहिला आणि मला विचारतो, "काय हो, तुमच्या त्या मॉलचं नाव 'स्टेडियम' कसं काय? गमतीशीर आहे, नाही?"

गमतीशीर! माझ्या हातात अर्धी सोललेली वाम होती. तीच त्याच्या थोबाडावर हाणावी असं वाटलं. अरे बाबा, तिथे स्टेडियम होतं म्हणून नाव स्टेडियम. आधी एखाद्याचं घर पाडायचं आणि मग त्याच जागी त्याच्याच नावाची पाटी लावून धंदा करायचा, ही ती गंमत. आत सरकत्या जिन्यापाशी भिंतीवर तुतीचं झाड रंगवलंय म्हणे. मी बघायला गेले नाही. खरं झाड ज्यांनी करवतीने कापलं, त्यांचं रंगवलेलं झाड मी कशाला बघू?

आम्ही त्या जागेला स्टेडियम कधी म्हटलंच नाही. आम्ही म्हणायचो 'तुतीखाली'. कोपऱ्यात जुनी तुती होती, तिकिटाला पैसे नसलेली निम्मी वस्ती तिच्या फांद्यांवर बसून सामना बघायची आणि खाली उतरताना पांढऱ्या शर्टांवर जांभळे डाग घेऊन यायची. एका बाजूला दगडी पायऱ्या, दुसऱ्या बाजूला समुद्र. समुद्राकडच्या गोलामागे सामन्याच्या दिवशी होडी उभी असायची आणि तिच्यात एक जण लांब काठीला जाळं बांधून बसायचा, पाण्यात गेलेले चेंडू काढायला. एकदा राजधानीतला एक बडा संघ आमच्याकडे खेळायला आला होता. त्यांच्या गोलकीपरने हातातला चेंडू उंच टोलवला, उत्तरेच्या वाऱ्याने तो मागे फिरवला आणि त्याच्याच डोक्यावरून त्याच्याच गोलात नेऊन टाकला. आम्ही एक-शून्यने जिंकलो. त्यांचा प्रशिक्षक ओरडत होता, "हे काय मैदान आहे का?" पायऱ्यांवरून कुणीतरी उत्तर दिलं, "मैदान आमचं, वारा देवाचा, गोल तुमचा. बोला, काय तक्रार?"

पण मला चेंडूचं सांगायचं नाही. मला पेरिनाचं सांगायचंय.

महायुद्ध संपलं तेव्हा आमच्या गावात ना पीठ होतं ना चपला. आणि अशा वेळी आमच्या लोकांना काय सुचावं? फुटबॉलचं मैदान! कोळी आणि गोदीतले कामगार एकत्र आले, किनाऱ्यालगतची खडकाळ पडीक जागा बघितली आणि दर रविवारी कुदळी घेऊन जायला लागले. चर्चमधून निघालेलेही जायचे आणि चर्चचं तोंड न बघणारेही. पेरिना तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिचा बाप टेकडीवरच्या खाणीत दगड फोडायचा आणि ती डोक्यावर चुंबळ ठेवून ते दगड खाली मैदानात आणायची. बायका आणायच्या, म्हाताऱ्या आणायच्या, पोरी आणायच्या. पुरुष रचायचे. पायऱ्या कोणी बांधल्या असं विचारलं, तर गावात आजही पुरुषांचीच नावं सांगतात. दगड काय उडत आले होते?

जेवायला इटालियन फौज पळून जाताना टाकून गेलेली एक भलीमोठी कढई होती. तिच्यात जो मासा मिळेल त्याचं ब्रुदेत, म्हणजे आंबट रस्सा, शिजायचं, भरपूर कांदा आणि व्हिनेगर घालून, सोबत मक्याच्या पिठाची पालेंता. नियम एकच होता. ज्याने कढईतलं खाल्लं, त्याने कुदळ उचलायची. खाऊन घरी सटकायचं नाही. खाल्ल्या मिठाला जागायचं.

मैदान झालं, क्लब झाला, आणि तोच नियम सभेला लागू झाला. हात वर करणं, चिठ्ठ्या टाकणं असली थेरं आमच्याकडे नव्हती. आधी ठराव मोठ्याने वाचायचा. मग कढईचं झाकण काढायचं. ज्याला ठराव पटला त्याने खावं, ज्याला नाही पटला त्याने आपलं ताट पालथं घालून बसून राहावं. एक ताट जरी पालथं पडलं तरी ठराव बारगळला. बापजाद्यांनी क्लबच्या घटनेतही ठणकावून लिहिलं होतं की सगळे राजी असल्याशिवाय मैदानातला एक दगडही विकायचा नाही. आणि राजी म्हणजे काय, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

कढईवर पळी घेऊन उभी राहायची पेरिना. पंधरा वर्षांची असल्यापासून. आणि जी वाढते ती शेवटी जेवते, हेही ठरलेलंच. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता. बायकांचे नियम लिहावे लागत नाहीत.

पुढे तिने लोव्रेशी लग्न केलं. लोव्रे आमचा डावा विंगर, पळायला लागला की वाऱ्यालाही दम लागायचा आणि एरवी चार पावलं चालायचाही कंटाळा. खेळणं संपल्यावर क्लबने त्याला मैदानाची राखण दिली आणि पायऱ्यांखालच्या दोन खोल्या राहायला दिल्या. राखण लोव्रेची, कामं पेरिनाची. संघाचे कपडे ती मागच्या दगडी कुंडात धुवायची. हिवाळ्यात त्या पाण्यात हात घालून दाखवा कुणीतरी! चिखल, रक्त, तुतीचे डाग, सगळं ती काढायची. लोव्रे म्हणायचा, "आमच्या पेरिनाने धुतला तर पापी माणूसही पांढरा निघेल." ती म्हणायची, "तुला तीनदा घासलं, काही उपयोग झाला नाही."

त्यांना मूल झालं नाही. लोव्रे एका उन्हाळ्यात झोपेतच गेला. दुसऱ्या दिवशी सामना होता. ती काळे कपडे घालून, चुन्याची बादली घेऊन मैदानावर रेषा मारत होती. गावात सगळे तिला तेता, म्हणजे मावशी, म्हणायचे. मी म्हटलं, "तेता पेरिना, आजच्या दिवस तरी राहू दे गं. दुसरं कुणीतरी करेल."

"कोण?" ती म्हणाली.

खरंच, कोण? आणि त्यानंतर कायमचंच ते काम तिच्या गळ्यात पडलं. पगार लोव्रेबरोबर बंद झाला, काम चालू राहिलं. क्लबच्या कुणालाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

नव्वदच्या दशकात देश फुटला, लढाई झाली, तेव्हा आतल्या गावांतून पळून आलेली माणसं पायऱ्यांखाली महिनोन्महिने राहिली. त्यांनाही त्याच कढईतून पेरिनाने जेवू घातलं. लढाई संपली, गोदी बंद पडली, पोरं जर्मनीला आणि आयर्लंडला गेली, क्लब घसरत घसरत अशा विभागात पोचला की समोरच्या संघात कधी नऊच माणसं यायची. गवत वाळलं. तरी रेषा पांढऱ्याशुभ्र. कुणी खेळो न खेळो, शनिवारी पेरिना चुना मारायचीच.

आणि अशा वेळी क्लबचा अध्यक्ष झाला वकील व्येको.

व्येको काही परका नव्हता, तेच तर दुःख आहे. याच मैदानात वाढलेला. गुडघे फोडून घेतले की रडत पेरिनाकडे जायचा आणि ती त्याच्या हातात भाकरीचा तुकडा, ऑलिव्हचं तेल आणि मीठ लावून द्यायची. पुढे शिकला, सूट घालायला लागला, नाकाने कांदे सोलायला लागला. तिच्या घरचं तेल खाऊन मोठा झाला आणि तिच्याच घराचे वासे मोजायला आला. कुठल्यातरी बाहेरच्या कंपनीला किनाऱ्यावर मॉल हवा होता. मॉल, खाली गाड्या लावायला जागा, वर कॉफीची दुकानं. बदल्यात डोंगरापलीकडे क्लबला नवंकोरं मैदान, आणि गावातल्या पोरांना मॉलमध्ये नोकऱ्या. डोंगरापलीकडचं मैदान अजून कुणी बघितलेलं नाही. बकऱ्या चरतात तिथे. त्यांना विचारा.

संत रोकोच्या सणाला, सन दोन हजार सातमध्ये, व्येकोने तुतीखाली जेवण ठेवलं. म्हणाला, सण आहे, क्लबतर्फे सगळ्यांना ब्रुदेत. मासे माझ्याकडूनच घेतले. वाम, गाबोळीसकट, उत्तम माल. वाइनचं पिंप आणलं, अकॉर्डियन वाजवणारा आणला. सगळे आले. बरं वाटत होतं हो! पायऱ्या भरलेल्या मी कित्येक वर्षांत बघितल्या नव्हत्या. पेरिना कढईपाशी उभी, चेहरा वाफेने लाल, पळी नुसती चाललेली.

"तेता, माझ्या ताटात नुसता कांदाच आला!"

"तुझ्या डोक्यात जे आहे तेच ताटात आलं. पुढे हो."

माझ्या नवऱ्याने, मिरोने, मला हाक मारून टेबलावर बसवलं. मी म्हटलं, पेरिनाबरोबर बसते नंतर. तो म्हणाला, "बस गं, गार होतंय." बसले. जेवले. दोनदा घेतलं, खोटं कशाला बोलू?

सगळ्यांचं झाल्यावर, ताटं पालेंतेच्या तुकड्यांनी चाटूनपुसून साफ झाल्यावर, व्येको खुर्चीवर चढला आणि खिशातून कागद काढला. आणि मैदान कंपनीला देण्याचा ठराव वाचला.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग पायऱ्यांवर असा सन्नाटा पसरला की भाता ओढायचा थांबलेल्या अकॉर्डियनची शेवटची हवा बाहेर पडताना ऐकू आली. आधी वाचायचं, मग खायचं, ही रीत. या मेल्याने आधी खाऊ घातलं आणि मग वाचलं!

"हा दगा आहे!" मी ओरडले.

"दगा कसला, दिंकाताई?" व्येको हसून म्हणाला. "रीत तुमचीच आहे. ज्याने खाल्लं तो राजी. खाल्लंत ना सगळ्यांनी? चवीने खाल्लंत."

लोक शिमुनकाकाकडे, आमच्या बार्बा शिमुनकडे, बघायला लागले. शिमुन गावातला सगळ्यात म्हातारा सभासद, पहिल्या दिवशी कुदळ मारणाऱ्यांतला एकटाच उरलेला. त्याचा शब्द म्हणजे शेवटचा. शिमुनने मिशीवरचा रस्सा पुसला, पायाशी थुंकला आणि म्हणाला, "चोरी आहे ही. पण खाल्लेलं आता ओकून कसं काढणार?"

मग व्येको नोकऱ्यांबद्दल बोलायला लागला. कुणाच्या पोराला राखणीची नोकरी, कुणाच्या सुनेला दुकानात. आणि मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? ओरडणारे एकेक जण खाली बसायला लागले. फसवलं म्हणून आरडाओरडा करायचा आणि आतून सुटल्यासारखं वाटायचं, असे चेहरे मला ओळखू येतात. शिळा मासा ताजा म्हणून घेणारं गिऱ्हाईक असाच चेहरा करतं.

तेवढ्यात कढईपाशी पळी आपटल्याचा आवाज झाला.

"मी नाही खाल्लं," पेरिना म्हणाली.

व्येको वळला. "काय, तेता?"

"मी अजून जेवले नाही. मी शेवटी जेवते. तुला माहीत नाही?" आणि तिने टेबलावरचं एक कोरं ताट उचललं आणि सगळ्यांसमोर पालथं घातलं.

देवमाते गं, काय हशा पिकला! लोक बाकांवर उभे राहिले. आयुष्यभर तिच्या हातचं खाऊनही, बाई शेवटी जेवते हे या वकिलाच्या डोक्यात आलं नव्हतं. कारण ती जेवते की नाही, हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. व्येकोचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला. त्याने घाम पुसला आणि म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या रविवारी पुन्हा बसू."

मी त्या दिवशी पेरिनाला मिठीच मारली. ती म्हणाली, "दिंका, माझ्या दोन खोल्या जातील म्हणून मी हे केलं असं लोक म्हणतील गं."

"म्हणेनात का! खोल्या तुझ्या नाहीत?"

"खोल्यांचं जाऊ दे. चार भिंती कुठेही मिळतात. पण माझ्या डोक्यावरून आलेला दगड आहे तो. त्यावर गाड्या उभ्या राहणार?"

मग तो आठवडा सुरू झाला. आता आमच्या गावाची लाज सांगते, ऐका. ज्या बाईला लोव्रे गेल्यापासून कुणी "जेवलीस का?" म्हणून विचारलं नव्हतं, तिच्या दारात भांड्यांची रांग लागली. शेजारणीने मुरवलेलं मांस आणलं, आलुबुखारा घालून. कुणी भरलेल्या मिरच्या आणल्या, कुणी बेदाणे घातलेली तळलेली फ्रितुले. "तेता, एक घास. फक्त एक. माझ्या पोराच्या नोकरीसाठी." पाद्रीबाबा आले आणि हट्ट हे पाप आहे म्हणून सांगून गेले. पेरिना म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या दिवशी तीनदा घेतलंत. ते काय होतं?"

ती सगळ्यांची भांडी घेऊन ठेवायची, झाकून, तशीच परत द्यायची. स्वतः पालक उकडून खायची, भाकरीबरोबर. ब्रुदेत काही तोंडाला लावलं नाही.

शेवटी व्येको स्वतः आला. आणि नुसता आला नाही, हातगाडीवर कढईच घेऊन आला! रस्सा गरम करून. मी तेव्हा तिच्या उंबऱ्यात बसून मटार सोलत होते.

"तेता," तो लाडात येऊन म्हणाला, "नव्या इमारतीत तुमच्यासाठी फ्लॅट बघितलाय. लिफ्ट आहे. गरम पाणी. तुमच्या सांध्यांना बरं."

"माझे सांधे कशाने गेले रे व्येको?"

"तेच म्हणतो ना मी. पुरे झाले कष्ट. एक चमचा घ्या. मी तुमच्या मुलासारखा."

"मुलासारखा!" मी उठलेच. "अरे मुडद्या, मुलगा आईचं घर विकायला हातगाडीवरून रस्सा आणतो? चल निघ! मासे माझ्याकडचे होते, मला माहितीये ते किती दिवसांचे झालेत ते! मारायचंय का म्हातारीला?"

पेरिना हसली. त्या आठवड्यात तिला मी तेवढंच हसताना बघितलं. व्येको गाडी ढकलत गेला, चढावर रस्सा हिंदकळून त्याच्या बुटांवर सांडला.

आणि खरं सांगते, हवा फिरायला लागली होती. संध्याकाळी माणसं पायऱ्यांवर येऊन बसायला लागली. कुणी कुदळ आणली, मोडकं कुंपण नीट केलं. शिमुन काठी टेकत आला आणि पायरीवर हात फिरवत म्हणाला, "ही मी बसवली होती." पेरिना म्हणाली, "आणि मी आणली होती." शिमुन म्हणाला, "हो की गं." माझा मिरोसुद्धा म्हणाला, "म्हातारी जिंकणार बघ." मी त्या रात्री कित्येक दिवसांनी नवऱ्याशी गोड बोलले.

रविवार आला. तुतीखाली पुन्हा सगळे जमले. नवीन मासे, नवीन रस्सा. पेरिना आपल्या जागी, कढईपाशी, धुतलेला पांढरा रुमाल डोक्याला बांधून. या वेळी व्येकोने रीत पाळली. आधी ठराव वाचला, शब्दन् शब्द. मग त्याने कागदाची घडी घातली आणि शिमुनकडे वळला.

"बार्बा शिमुन, तुम्ही पहिल्यापासून आहात. खोटं बोलणार नाही. एकच विचारतो. तेता पेरिना क्लबच्या सभासद आहेत का?"

शिमुनला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे?"

"तिला कधी सभासद करून घेतलं होतं का? कधी नाव घातलं? कधी सभेत बसवलं?"

"ती... ती वाढायची."

"वाढायची. सभासद होती का?"

म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. त्याने पेरिनाकडे बघितलं, मग खाली बघितलं. खोटं बोल रे, मी मनात म्हणत होते, आयुष्यात एकदा खोटं बोल, नरकात गेलास तर मी तुझ्यासाठी मेणबत्त्या लावीन! पण शिमुनला खोटं बोलता यायचं नाही, आणि सगळं गाव त्यासाठीच त्याला मान द्यायचं.

"नाही," तो म्हणाला. "बायका नव्हत्या सभासद. आम्ही... आमच्या ते डोक्यातच आलं नाही."

"झालं तर," व्येको म्हणाला. "मग तेतांनी खाल्लं काय आणि नाही खाल्लं काय, क्लबला त्याचं काही नाही. ज्यांचं मोजायचं त्यांनी आता जेवावं."

मी काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. मी त्याच्या आईचा उद्धार केला, बापाचा केला, वकिलीचा केला. मी म्हटलं, अरे, दगड डोक्यावरून आणताना विचारलं नाहीत सभासद आहेस का? तुमच्या ढुंगणाखालच्या चड्ड्या धुताना विचारलं नाहीत? सणाच्या दिवशी मी खाल्लं म्हणून आठवडाभर मला झोप लागली नाही, आणि आता म्हणता माझंही खाणं मोजलं नव्हतं? मग मला फसवलंत तरी कशाला, मेल्यांनो? फसवण्याइतकी तरी माझी किंमत होती का?

पेरिना तेवढ्यात पुढे आली. रडत नव्हती. तिने एक ताट घेतलं, कढईचं झाकण काढलं आणि पळीने वाढून घेतलं. पालेंता घेतली, वामचे दोन मोठे तुकडे घेतले, वरून रस्सा घातला. सगळ्यांच्या आधी. मग दुसरं ताट भरलं.

"दिंका, ये. जेवून घेऊ. आपल्या खाण्याने काही जात नाही."

आम्ही दोघी पहिल्या पायरीवर बसलो आणि जेवलो. मी ताटात नुसती पालेंता कुस्करत होते, तिने मात्र सावकाश, काटे काढत, सगळं संपवलं. पळी कढईत तशीच पडली होती. पुरुष ताटं हातात घेऊन उभे होते. कुणी वाढणारं नव्हतं. ठराव रीतसर वाचून झाला होता, ज्याला नको असेल त्याला नाही म्हणायला पूर्ण मोकळीक होती. फसवणूक नाही, दगा नाही. एकाने जरी ताट पालथं घातलं असतं तरी पुरे होतं.

व्येकोने पळी उचलली आणि स्वतःला वाढून घेतलं. मग त्याच्या मागचा पुढे झाला. मग त्याच्या मागचा. रांग लागली. मी शिमुनकडे बघत होते. तो खूप वेळ तसाच उभा होता, आणि मग कुणीतरी त्याच्या ताटात वाढलं आणि तो खाली बसला. रांगेत माझा मिरो होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ओठांनीच म्हणाला, "पोराची नोकरी, दिंका." आमच्या लूकाला मॉलमध्ये गाड्यांवर नजर ठेवायची नोकरी मिळाली. आठ महिने टिकली.

पेरिना उठली. मागच्या कुंडावर गेली, बाही वर केली आणि आपलं ताट धुतलं. माझं मागून घेतलं आणि तेही धुतलं. हात रुमालाला पुसले. टेबलांवर उष्ट्या ताटांचा ढीग लागत होता, कुणीतरी सवयीने हाक मारली, "तेता, ही पण!"

तिने ऐकलं. ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.